बाटली भरली

हिंगोली, १२ फेब्रुवारी २००३

प्रिय प्रेमदास,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, माझ्या धाकट्या भावाचं, प्रमोदचं आहे. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच ठेवून देशील अशी भीती वाटली. पाच वर्षं तू माझ्या हाताखाली काम केलंस. तुझ्या प्रबंधाच्या कच्च्या प्रतीतलं एकही पान माझ्या लाल शाईवाचून सुटलं नव्हतं. ते अक्षर विसरायला साडेसात वर्षं पुरत नसावीत.

मी पुणं सोडलं. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले आणि इथे प्रमोदच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले. गुडघे धरतात, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी प्रमोदची टोमणेबाजी. तो म्हणतो, आपली ताई आयुष्यभर प्लास्टिकच्या मागे लागली आणि आता बाजारात कॅरीबॅग घेत नाही.

गेल्या आठवड्यात प्रमोदच्या कामासाठी साखऱ्याला जाणं झालं. तिथून तुमचा तांडा जवळच, म्हणून सहज गेले. तुझ्या आईला भेटले. मी तुझी मॅडम म्हटल्याबरोबर बेबीबाईंनी चार घरांना ऐकू जाईल अशी हाक दिली, "डागदरची मास्तरीण आली!" पाच मिनिटांत तीन बायका आपापली दुखणी घेऊन अंगणात. मी गोंधळले. बेबीबाईंनीच त्यांना हुसकावलं. म्हणाल्या, "माणसाचा डागदर न्हाई त्यो. पिलास्टिकचा हाये. तुमी काय पिलास्टिकच्या हाय का?"

तांड्यात तुला अजून डॉक्टर म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं तू घरी आला नाहीस हेही नव्हतं. वापीला रंगाच्या कारखान्यात तपासणीचं काम करतोस, हे त्यांच्याकडूनच कळलं. "काहून येत न्हाई, काय म्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या आणि तुझ्या जुन्या पत्राचं पाकीट पुढे केलं. पत्ता त्यावरून घेतला.

उत्तराची घाई नाही.

तुझी,
शिला खिल्लारे

हिंगोली, ९ मार्च २००३

प्रिय प्रेमदास,

उत्तर आलं नाही. आलं असतं तर मीच घाबरले असते.

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. साखऱ्याला प्रमोदचं काहीच काम नव्हतं. तुझ्या नोंदणीच्या अर्जावरचं गाव माझ्या लक्षात होतं. हिंगोलीला येऊन वर्ष उलटलं तरी सेनगावच्या बसमध्ये चढायचा धीर झाला नव्हता, तो त्या दिवशी झाला.

आता दर पंधरवड्याला जाते. बेबीबाई चहात साखर फार घालतात आणि मला नाही म्हणता येत नाही. परवा त्यांनी विचारलं, "आमचं पोरगं तिथं नेमकं काय करत व्हतं?" मी बत्तीस वर्षं हा विषय शिकवला, पण तो कुणाच्या अंगणात बसून कधी सांगितला नव्हता. मनातली सगळी वाक्यं इंग्रजीत उभी राहिली. मग कळमनुरीचा बाजार आठवला.

म्हटलं, प्लास्टिक म्हणजे साखळ्या असतात, काही लांब, काही आखूड. त्या वेगळ्या करायच्या तर लिक्विड क्रोमॅटोग्राफीत त्यांना बारीक छिद्रांच्या भुकटीनं भरलेल्या एका नळीतून सॉल्व्हंटबरोबर, म्हणजे त्यांना विरघळवणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, पाठवतात. ती नळी, आपला कॉलम, म्हणजे बाजार. मोठी माणसं सरळ चालत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतात. लहान पोरं प्रत्येक दुकानात शिरतात, म्हणून उशिरा येतात. कोण केव्हा आलं त्यावरून उंची कळते.

"आन् माझं पोरगं?"

मी सांगितलं, प्रेमदासची साखळी अवघड होती. अर्धी एका पदार्थाची, अर्धी दुसऱ्याची. त्याला पहिल्या अर्ध्याची उंची मोजायचीच नव्हती. दोन सॉल्व्हंट अगदी नेमक्या प्रमाणात मिसळले तर असं होतं की तो भाग लांब असो की आखूड, सगळे एकाच वेळी बाहेर पडतात. उंचीचा प्रश्नच राहत नाही. मग दुसऱ्या अर्ध्यात काय आहे ते स्वच्छ दिसतं. ते प्रमाण सापडायला माणसं वर्षं घालवतात, आणि एक-दोन टक्के इकडेतिकडे झालं तरी गेलं.

त्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बाजारात समदे एकाच टायमाला कधी निघत्यात? पोलीस आल्यावर." आणि हसल्या. मीही हसले. तुझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत हा दाखला चालला असता असं मनात आलं. ती परीक्षा झालीच नाही.

तुझी वही माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, १९९४-९५ची. तू गेल्यावर ती कपाटातून हरवली असं मी सांगितलं होतं. हरवली नव्हती.

शिला

हिंगोली, २१ एप्रिल २००३

प्रिय प्रेमदास,

हे पत्र सावकाश वाच. काल जे पाहिलं ते मला क्रमानं लिहायचं आहे.

तांड्यावर पाण्याचे हाल सुरू झाले आहेत. टँकर एक दिवसाआड येतो. काल मी पोहोचले तेव्हा बेबीबाई हंडे आणून अंगणातल्या रांजणात ओतत होत्या. रांजणाच्या तळाला वीतभर जुनं पाणी होतं. मला राहवलं नाही. सिकंदराबादला कॉन्व्हेंटच्या प्रयोगशाळेत सिस्टर बेनिता प्रत्येक बाटली रिकामी करून तीन वेळा विसळायला लावायच्या. शेवटचा थेंब झटकला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तिथे नळाला पाणी होतं. मी म्हटलं, आधी तळाचं काढून टाका, रांजण धुवा, मग भरा.

बेबीबाई माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, जणू मी काही अभद्र बोलले. म्हणाल्या, "बाई, रांजण कोरडा करू न्हाई. कोरड्या रांजणातलं पानी दोन-तीन रोज मातीचं लागतंय. तळाला जुनं असलं म्हंजे नवं त्याच्या वळणावर जातंय." मी विचारलं, तुमच्याकडे सगळे असंच भरतात का? "मंग काय! भरायचं म्हंजे वरून भरायचं. सांडून भरायला आमी सायेब हाय का?"

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. घरी येऊन तुझी वही काढली. रोजच्या नोंदी इंग्रजीत, आणि प्रत्येक सकाळी समासात मराठीत दोन शब्द: बाटली भरली. बाटली भरली. बाटली भरली. चौदा महिने. ते शब्द मी शंभरदा वाचले असतील. माझ्या लेखी भरणे म्हणजे रिकामी करून, धुवून, नवं भरणे. तू मात्र तळाचं ठेवून वरून भरत होतास ना?

पुढचं तुला सांगायला नको, तरी लिहिते, कारण मला ते लिहिलेलं पाहायचं आहे. दोन सॉल्व्हंटपैकी टीएचएफ आधी उडतं, ॲसिटोनायट्राइल मागे राहतं. त्यात आपण हवा काढायला दिवसभर हेलियमचे बुडबुडे सोडायचो. म्हणजे तळाला उरणाऱ्यात टीएचएफ कमी. त्यावर रोज नवं ओतलं की काही दिवसांनी बाटलीतलं प्रमाण एका जागी येऊन थांबणार, पण ते वहीत लिहिलेलं प्रमाण नसणार. तू टीएचएफ बावन्न टक्के, ॲसिटोनायट्राइल अठ्ठेचाळीस असं ओतत होतास आणि वहीत इमानानं तेच लिहीत होतास. बाटलीत मात्र वेगळंच होतं, आणि तेच बरोबर होतं.

म्हणून आपला निबंध वाचून तोच प्रयोग करून पाहणाऱ्या परदेशातल्या त्या प्रयोगशाळेला तुझा निकाल मिळाला नाही. म्हणून तुझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या निताला आणि मला मिळाला नाही. आम्ही धुतलेल्या बाटलीत ताजं बावन्न-अठ्ठेचाळीस घेतलं आणि प्रत्येक वेळी लांब साखळ्या आधी आल्या, आखूड मागून. म्हणून तुझे आकडे खरे की रचलेले याच्या चौकशीच्या दिवशी समितीसमोर तुझ्याच हातानं नवी बाटली भरून चालवली तेव्हाही तेच झालं. तू चार्टवर उमटणाऱ्या रेषेकडे पाहत उभा होतास. तुझा चेहरा मला आठवतो.

ते आकडे खरे होते, प्रेमदास.

निता अजून संस्थेतच आहे, आता तिचं स्वतःचं दालन आहे. तिला मी आज पत्र टाकलं. त्याच बनावटीचा कॉलम घे, बावन्न-अठ्ठेचाळीस कर, आणि तीन आठवडे बाटली रिकामी करू नकोस, रोज वरून भर. कारण विचारू नकोस.

शिला

हिंगोली, २८ एप्रिल २००३

प्रिय प्रेमदास,

मागच्या पत्रात समितीचा उल्लेख आहे, पण ती कुणाची होती ते नाही. तिघांची होती. तिसरी सही माझी.

अहवालाचा मसुदा मीच केला होता. त्यात पहिल्यांदा लिहिलं होतं, "आकडे पुन्हा जुळले नाहीत." विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं. ते फार सौम्य बोलले. म्हणाले, आकडे जुळले नाहीत याचा अर्थ पद्धतीत चूक आहे, आणि पद्धतीची जबाबदारी मार्गदर्शकाची. मग तुमचे चार निबंध, नवा प्रकल्प, सगळंच तपासावं लागेल. विद्यार्थ्यानं आकडे रचले असतील तर गोष्ट विद्यार्थ्यापाशी संपते.

मी खोलीवर आले आणि टंकलेखन यंत्रावर तो कागद पुन्हा चढवला. "पुन्हा जुळले नाहीत" काढून "रचलेले आहेत" लिहिलं. तेवढी जागा बरोबर पुरली.

तू सामान घेऊन निघालास तेव्हा मी दालनात नव्हते असं तुला सांगितलं गेलं. मी आत होते. दार लावून बसले होते. तुझ्या डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीचा वाटा पाच वर्षं खाल्ला होता. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं की तू म्हणायचास, कॉन्व्हेंटमध्ये हे शिकवत न्हाईत मॅडम. हे सगळं आठवत मी आत बसले होते आणि दार उघडलं नाही.

प्रकल्प मिळाला. बढतीही मिळाली. पण त्यानंतर माझ्या हातून लक्षात राहण्यासारखं एकही काम झालं नाही. ही शिक्षा म्हणून सांगत नाही, फक्त तसं झालं.

शिला

हिंगोली, २२ जून २००३

प्रिय प्रेमदास,

निताचा फोन आला. तिसऱ्या दिवशी लांब-आखूड सगळ्या साखळ्या एकत्र आल्या, पाच हजार रेणुभारापासून दोन लाखांपर्यंतच्या, आणि तीन आठवडे तशाच येत राहिल्या. तिनं तळातला नमुना काढून तपासला. बाटलीत टीएचएफ एकोणपन्नास टक्के होतं. मी पाठवलेल्या तुझ्या वहीतल्या चार्टच्या प्रतीवर तिचा चार्ट ठेवला तर वेगळा ओळखू येत नाही. ती फोनवर रडली. मी रडले नाही, मला फार थकल्यासारखं वाटलं. पायऱ्या चढून वर गेले आणि पडून राहिले.

मागच्या सोमवारी पुण्याला जाऊन आले. विभागप्रमुख कधीच गेले. नवे संचालक तरुण आहेत. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, आता हे कोण मागतंय?" मी म्हटलं, कुणी नाही. फाइल तळघरातून आली. माझी सही माझ्याकडे पाहत होती. जुना अहवाल काढता येत नाही. सही करणाऱ्यानं निवेदन दिलं तर ते जोडता येतं. मी तिथेच बसून निवेदन लिहिलं. त्याची प्रत सोबत आहे.

पदवीचं मात्र काही होत नाही. विद्यापीठातली तुझी नोंदणी केव्हाच रद्द झाली. मी तीन टेबलं फिरले. नव्यानं नाव घालून नव्यानं सुरुवात, एवढंच म्हणतात. ते मी तुला कोणत्या तोंडानं सुचवू?

एक गोष्ट तुझ्या हातात आहे. निता या कामावर निबंध पाठवणार आहे. पहिलं नाव तुझं, दुसरं तिचं. माझं नाही. मसुदा आणि संमतीचा कागद सोबत आहे. तू सही केली नाहीस तर निबंध जाणार नाही, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.

पुण्याहून आल्यावर बेबीबाईंना सगळं सांगितलं. तुमच्या मुलाला पदवी मिळालेली नाही, तो डॉक्टर नाही, आणि त्याचं कारण मी आहे. तो खोटं बोलला असं मी लिहून दिलं. तो खरा होता. त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"तुमी लिवलं?"

हो म्हटलं.

"लिवायच्या आदी त्याला इचारलं व्हतं?"

नाही म्हटलं.

त्या दिवशी चहा झाला नाही. निघताना त्यांनी पाण्याचा तांब्या दिला, तो माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला. माझ्या आईला आणि आजीला असं दुरून पाणी दिलेलं मी ऐकलं आहे. बेबीबाईंच्या मनात ते नव्हतं, हे मला ठाऊक आहे. त्यांना फक्त माझ्या हाताला हात लागू द्यायचा नव्हता, आणि त्याला माझी जात कारण नव्हती.

शिला

हिंगोली, ८ ऑगस्ट २००३

प्रिय प्रेमदास,

तुझं रजिस्टर पाकीट काल आलं. आत पत्र नाही हे कळायला मला वेळ लागला. प्रत्येक कागद उलटून पाहिला. संमतीच्या कागदावर सही आहे. निताच्या मसुद्यात तू एका ठिकाणी दुरुस्ती केली आहेस: कॉलमचं तापमान तीस नव्हे, बत्तीस, कारण त्या ओव्हनचा काटा दोन अंश कमी दाखवायचा. निताला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, आठ वर्षांनी हे त्याच्याच लक्षात राहू शकतं.

आणि माझ्या निवेदनाची प्रत. मी लिहिलं होतं, "श्री. प्रेमदास आडे यांनी द्रावणाची बाटली चुकून रिकामी न करता वरून भरली. त्यांचे आकडे खरे होते." तू "चुकून" खोडलं आहेस. शांतपणे, पट्टी लावून, एका रेषेत. समासात तुझं बारीक अक्षर:

"चुकून नाही. पहिल्या वर्षी रोज नवं घेऊन पाहिलं, रेष सरकत राहायची. तळाचं ठेवलं की रेष स्थिर यायची. म्हणून ठेवत होतो. त्या दिवशी सांगितलं होतं."

हो, सांगितलं होतंस.

एप्रिलच्या पत्रात मी त्या दिवसाचं सगळं लिहिलं: नवी बाटली, चार्ट, तुझा चेहरा. तू जे बोललास तेवढं गाळलं. पंप सुरू झाल्यावर तू माझ्याकडे वळून म्हणाला होतास, "बाटली नवीन हाये, मॅडम. तिला दोन-तीन रोज लागतील." विभागप्रमुख म्हणाले होते, बाटली काय म्हैस आहे, नव्या गोठ्यात रुळायला? सगळे हसले. मीही हसले. तू आणखी काही सांगायला तोंड उघडलं होतंस, ते त्या हसण्यात राहून गेलं. हे मी विसरले होते असं लिहायला बसले होते, पण विसरले नव्हते. रांजणापाशी बेबीबाई "दोन-तीन रोज" म्हणाल्या तेव्हा पहिल्यांदा तेच ऐकू आलं, तुझ्या आवाजात.

तरीही पुण्यात निवेदन लिहिताना "चुकून" लिहिलं. आता समोर ठेवून पाहते तेव्हा कळतं ते कशासाठी होतं. तुझ्या हातून नकळत झालं असेल तर ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं, मलाही नाही. तू जाणून केलंस आणि सांगितलंस, तर मी ऐकलं नाही एवढंच उरतं. पहिल्या वेळी एका शब्दानं मी माझी नोकरी वाचवली. या वेळी वाचवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी हात त्याच वळणानं गेला.

बेबीबाईंनी जूनमध्ये मला जे विचारलं ते जुन्या अहवालाबद्दल होतं असं मी धरून चालले. नवं निवेदन देऊन आले होते, तेही तुला न विचारताच.

आज सकाळी संचालकांना फोन केला. ते जरा वैतागले. म्हणाले, मॅडम, एका शब्दासाठी कशाला येता, टपालानं पाठवा. टपालानं पाठवलेला कागद फाइलमध्ये कुठे लागेल याचा मला भरवसा नाही. माझ्या सहीच्या कागदावर माझ्याच हातानं तो शब्द खोडायचा आहे, आणि तुझी समासातली पाच वाक्यं जशीच्या तशी खाली उतरवायची आहेत, शेवटच्यासह. त्याखाली एक वाक्य माझं: "हे त्यांनी चौकशीच्या दिवशी समितीसमोर सांगितले होते, मी ऐकले आणि हसले."

हे वाक्य तू आधी पाहावंस म्हणून हे पत्र. बदलायचं असेल तर बदल, नको असेल तर नको म्हण. एक कोरं पोस्टकार्ड सोबत ठेवलं आहे, त्यावर एक शब्द पुरे. प्रमोद म्हणतो, या पावसात, या गुडघ्यांनी, पुन्हा पुण्याला? पोस्टकार्ड येईपर्यंत मी निघणार नाही.

शिला खिल्लारे